सातव्या बाटलीचं काय झालं: संशोधन जहाजावरचे अकरा दिवस

दिवस पहिला

"आधी बांधा, मग बोला." जहाजावर चढल्यावर बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, केलेलं हे स्वागत. मी माझी पेटी प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवून केबिन शोधायला निघालो होतो. त्याने मला परत वळवलं, हातात दोरी दिली आणि पेटी टेबलाला बांधून झाल्यावरच सोडलं. बंदरातलं पाणी इतकं संथ होतं की हा प्रकार मला जरा अतिच वाटला. रात्री पेटी जागची हलली नाही आणि मी मात्र बंकवरून दोनदा घरंगळलो, तेव्हा मत बदललं.

मी सात वर्षं समुद्राच्या आकड्यांवर काम करतोय, पण किनाऱ्यावर बसून. जहाजांनी गोळा केलेल्या फाइली येतात: खोली, तापमान, क्षारता, ऑक्सिजन, आणि प्रत्येक बाटलीपुढे गुणवत्तेचा एक अंक. त्याला आम्ही 'फ्लॅग' म्हणतो. २ म्हणजे बाटली ठीक, ३ म्हणजे गळकी, ४ म्हणजे ठरल्या जागी बंद झाली नाही, ९ म्हणजे नमुना घेतलाच नाही. माझ्या प्रोग्रॅमची जवळजवळ पहिलीच ओळ दोन सोडून बाकी सगळं उडवून देते. उडवलेल्या ओळींचं मला कधी काही वाटलं नाही. 'तू एकदा जहाजावर जाऊन ये' असं वरिष्ठ का म्हणत होते, तेही कळलं नव्हतं.

संध्याकाळी जहाज फिरून पाहिलं. दोन मुख्य प्रयोगशाळा: एक ओली, एक कोरडी. ओलीत जमिनीला उतार आणि पाणी वाहून जायला मोऱ्या, कोरडीत संगणकांच्या रांगा. शीतपेट्या वेगळ्या, त्यातली एक उणे ८० अंशांची. मागच्या डेकवर पिछाडीला इंग्रजी 'ए'च्या आकाराची भलीमोठी लोखंडी कमान, जी पाण्याबाहेर झुकते आणि जड वस्तू उचलून आत आणते. मग जीवरक्षक बोटीची कवायत. तो नारिंगी पोशाख चढवताना मी डावा पाय उजव्यात घातला. एवढं पुरे.

दिवस दुसरा

पोटात ढवळत होतं. अकरा वाजेपर्यंतचा दिवस वर्णनातून वगळतो.

पहिल्या स्टेशनला, म्हणजे जहाज थांबवून मोजमाप घ्यायच्या जागी, पोचायला दीड दिवस होता, पण जहाज रिकामं जात नव्हतं. तळाजवळच्या एका नळातून समुद्राचं पाणी सतत आत येतं, त्याचं तापमान आणि क्षारता आपोआप नोंदली जाते. खालून मल्टिबीम सोनार पंख्यासारखे ध्वनिकिरण सोडत असतो आणि मागे रंगीत पट्टा उमटत जातो: पलीकडे कुठे चढ, कुठे घळ. समुद्रतळाचा साधारण चौथा हिस्साच असा नीट मोजून झालाय. त्यामुळे पडद्यावर सरकणारा तळ आपणच पहिल्यांदा बघतोय असं वाटून अंगावर काटा येतो. हा काटा साधारण तासभर टिकतो. नंतर पहाऱ्यावर बसलेल्या माणसाला झोप आवरत नाही.

ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, पण तापमान, क्षारता आणि दाब बदलला की वेगही बदलतो आणि तिरके किरण वाकतात. वेगाची आकडेवारी शिळी असेल तर सपाट तळसुद्धा पडद्यावर कडांना वर किंवा खाली वळलेला दिसतो. वर वळला की 'तळ हसतोय', खाली वळला की 'तळ रुसलाय'. दुपारी तळ हसायला लागला आणि खोलीनुसार तापमान नव्याने मोजायला मला एक्सबीटी टाकायला पाठवलं.

हे माझं आवडतं उपकरण ठरलं, कारण यात काहीच नाही. वीतभर लांबीचा, टोकाला जड असा गोळा. त्यात तापमापक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. तसलीच दुसरी गुंडाळी जहाजावर. जहाज चालू असतानाच टाकायचा. तार दोन्हीकडून सुटत जाते, म्हणून ताण पडत नाही, आणि शेवटी तुटते. गोळा गेला तो गेलाच. त्यात दाबमापक नाही. किती सेकंद झाले यावरून खोलीचा हिशेब. या हिशेबाचं जुनं समीकरण खोली कमी दाखवत होतं आणि १९९५ साली ते सुधारावं लागलं, हे मी फाइलींच्या तळटीपांत शेकडो वेळा वाचलंय. ती तार बोटांतून सुटताना पाहिल्यावर वाटलं, एवढी थोडकी चूक राहिली हेच विशेष.

दिवस तिसरा

पहिलं स्टेशन. खोली ३,२०० मीटर. पहाटे साडेतीनला उठवलं. जहाजावरच्या सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत होतात, त्यामुळे घड्याळ बघून झोप किती झाली हेही कळत नाही.

सीटीडी म्हणजे क्षारतेसाठी विद्युतवाहकता, तापमान आणि दाबावरून खोली मोजणारं यंत्र. ते मधोमध, खाली. आणि भोवती गोल चौकटीत दहा-दहा लिटरच्या २४ बाटल्या उभ्या. या बाटल्या शेल निस्किन यांच्या नावाने ओळखल्या जातात, १९६०च्या दशकापासून. बाटली म्हणजे खरं तर दोन्ही टोकांना उघडा राखाडी पाइप. वरचं-खालचं झाकण आतून ताणलेल्या रबराने एकमेकांकडे ओढलेलं असतं. ती झाकणं उघडी धरून ठेवणारी नायलॉनची दोरी चौकटीच्या माथ्यावरच्या हुकात अडकवायची, याला 'बाटली कॉक करणं' म्हणतात. मग खाली उतरताना पाणी पाइपातून आरपार जात राहतं, आणि हव्या त्या खोलीवर वरून संकेत दिला की हुक सुटतो आणि झाकणं फटकन बंद होतात.

रबर चांगलंच ताठ असतं. एक ते सहा बाटल्या तंत्रज्ञाने कॉक केल्या, सात ते बारा मी. सातवी पहिलीच, त्यात अंधार, त्यात हेलकावे. दोरी ओढली, हुकात बसवली, बसली. पुढची.

सव्वाचारला चौकट कमानीवरून पाण्यात गेली. दहा मीटरवर थोडं थांबून पंप सुरू झाल्याची खात्री, मग परत पृष्ठभागाशी, मग खाली. विंच मिनिटाला ६० मीटर केबल सोडते. त्या केबलच्या पोटात वीजवाहक तार असते. तिच्यातून सेकंदाला २४ वेळा मोजमाप वर येतं. कोरड्या प्रयोगशाळेत सगळे पडद्याशी. तापमानाची रेघ सुरुवातीला सरळ उभी, मग अचानक डावीकडे कलंडली: उबदार थर संपला. ऑक्सिजनची रेघ त्याच्याही आधी घसरली आणि पुढे बराच वेळ शून्याच्या आसपास रेंगाळत राहिली. अशा रेघा मी हजारो पाहिल्यात. पण त्या एकदम, पूर्ण. एका रेघेला खाली जायला तास लागतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. एक हजार मीटर आले तेव्हा एकजण पुस्तक वाचत होता. दोन हजारला दुसरा डुलक्या घेत होता. तळ शंभर मीटरवर आल्यावर अंतरमापक जिवंत झाला आणि सगळे ताठ बसले. "पन्नास... तीस... हळू घ्या... वीस... थांबा." तळापासून दहा मीटरवर थांबलो. पहिली बाटली.

येताना प्रत्येक खोलीवर थांबा, अर्धा मिनिट वाट, मग बटण. थांबल्याबरोबर बाटली बंद केली तर चौकटीने सोबत ओढून आणलेलं पाणी आत अडकतं. सातवीचा नंबर २,००० मीटरवर होता. बटण दाबलं, यंत्राने 'झाली' असं कळवलं. मी वहीत लिहिलं: सात, झाली.

सूर्य वर आल्यावर चौकट डेकवर आली, आणि मग जे सुरू झालं ते मला एखाद्या सार्वजनिक नळासारखं वाटलं: प्रत्येकाची भांडी, प्रत्येकाचा क्रम, आणि क्रम मोडला तर भांडण. बाटली उघडली की वर हवा शिरते, म्हणून वायूंचे नमुने आधी. पहिला ऑक्सिजन, मग कार्बन डायऑक्साइड, मग पोषकद्रव्यं, आणि क्षारता सगळ्यांत शेवटी, कारण मिठाला हवेचं काही वाटत नाही. त्याही आधी गळतीची परीक्षा: वरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून खालचा नळ उघडायचा. पाणी आलं तर कुठून तरी हवा शिरतेय, बाटली गळकी. सातवी गळत नव्हती.

वर ऊन तापलेलं आणि हातात खोल समुद्राचं पाणी. दीड-दोन तास वर येताना ते थोडं कोमट होतं, तरी बोटं बधिर होतात. ऑक्सिजनचा नमुना घेणारी मुलगी प्रत्येक बाटलीच्या पाण्यात तापमापक बुडवून आकडा ओरडत होती, मी लिहीत होतो. पाचवी पावणेसहा. सहावी सहा पूर्णांक एक. सातवी...

ती थांबली. तापमापक काढून परत बुडवला.

"सतरा पूर्णांक चार."

"नक्की?"

"हात लावून बघा की."

लावला. सहावीचा नळ बर्फ, आठवीचा बर्फ, मधल्या सातवीचं पाणी नुसतं गार. चीफ सायंटिस्ट मॅडम आल्या, त्यांनीही हात लावला. "नमुने घ्या सगळे," एवढंच म्हणाल्या. "कुठली आहे ते बघू." सातवी कोणी कॉक केली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवस चौथा

ऑक्सिजन अजूनही हातानेच मोजतात, विंकलरच्या १८८८च्या पद्धतीने. काचेच्या छोट्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, मँगनीज आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, आणि लगेच खाली साका धरायला लागतो. भरपूर ऑक्सिजन असेल तर साका गडद तपकिरी. नसेल तर जवळजवळ पांढरा. चोवीस बाटल्या ओळीने ठेवल्या तर समुद्राचा उभा छेदच समोर दिसतो: वरचं पाणी तपकिरी, मधलं फिकट, खोल तळाकडे रंग परत भरत आलेला. त्या ओळीत सातवी फिकट होती. तिच्या दोन्ही शेजारणी नव्हत्या.

म्हणजे पाणी मधल्या, ऑक्सिजन नसलेल्या थरातलं. पण तो थर इथे खूप जाड आहे, नेमकं कुठलं ते यावरून कळेना. क्षारतेचे नमुने प्रयोगशाळेच्या तापमानाला यायला दिवसभर ठेवावे लागतात. थांबा.

संध्याकाळी मात्र असं काही पाहिलं की सातवी विसरलो. जहाजाच्या दुसऱ्या, ३८ किलोहर्ट्झच्या ध्वनियंत्रावर साधारण ४०० मीटरला एक जाड धूसर पट्टा दिवसभर पसरलेला होता. दुसऱ्या महायुद्धात सोनारवाल्यांना हा पट्टा समुद्रतळ वाटला होता, जिथे तळ असणं शक्यच नाही अशा जागी. सूर्य कलला आणि पट्टा हलला. आधी कडा विरविरीत झाली, मग त्यातून एक तिरकी रेघ वर निघाली, तिच्यामागे दुसरी, आणि पाऊण तासात सगळा पट्टा पृष्ठभागाशी येऊन लागला. लहान मासे, कोळंबीचे भाऊबंद, असे असंख्य जीव अंधारात चरायला वर येतात आणि पहाटे खाली जातात. रोज, प्रत्येक महासागरात. मी डेकवर धावत गेलो. पाणी काळं, सपाट, वर काहीही नाही.

रात्री अकराला जाळी टाकली: एकापाठोपाठ एक उघडणारी पाच जाळी, विणीतली भोकं २०० मायक्रॉनची. वर आलेल्या डब्यात काचेसारखे तुकडे वळवळत होते आणि दिवा मालवला की निळे चमकत होते.

दिवस पाचवा

सकाळी आर्गो फ्लोट सोडला. माणसाएवढा पिवळा नळा, वर अँटेना. दोरीच्या फासात धरून हळूच पाण्यावर ठेवायचा, बस्स. तो आता १,००० मीटरवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहणार. दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून मोजमाप करत वर येणार, उपग्रहाला आकडे देणार, परत खाली. पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकललं की घनफळ वाढतं आणि तो तरंगतो, आत ओढलं की बुडतो. असे जवळपास ४,००० नळे जगभर फिरतायत. चार-पाच वर्षांनी बॅटरी संपते, आणि बहुतेकांना कोणी परत आणायला जात नाही.

माझ्या फाइलींतला बराचसा माल यांचाच. फ्लोटचा क्षारतामापक कालांतराने सरकतो, मग त्याला जहाजावरच्या सीटीडीशी ताडून बघतात. जहाजावरचा सीटीडी बाटलीतल्या पाण्याशी ताडतात. आणि बाटलीतलं पाणी? दुपारी क्षारतामापकाच्या खोलीत त्याचं उत्तर मिळालं. खोलीचं तापमान अंशभरही हलू नये म्हणून दाराशी 'आत येऊ नका' अशी पाटी. आत एकजण लोकर घालून बसलेला, पुढे सीलबंद प्रमाणित समुद्रजलाची बाटली. दर काही नमुन्यांनी ती फोडून यंत्र लावून घ्यायचं. सगळी साखळी शेवटी त्या पाव लिटरच्या बाटलीला टांगलेली, आणि मधली कडी म्हणजे परवाची, माझ्यासारख्याने अंधारात हुकाला लावलेली दोरी.

सातवीची क्षारता आली. सीटीडीच्या आलेखावर ती आणि सतरा-साडेसतरा अंशांचं तापमान एकत्र जमणारी जागा एकच होती: १५० मीटरच्या आसपास. म्हणजे २,००० मीटरवर हुक सुटला, दोरी मात्र कशाला तरी अडकून राहिली. बाटली उघडीच वर येत राहिली, आणि पृष्ठभागाजवळ, जिथे केबल आखूड झाल्याने प्रत्येक लाटेचा हिसका चौकटीला बसतो, तिथे दोरी निसटून झाकणं मिटली.

जेवणाच्या टेबलावर मी मॅडमना सांगितलं. "सातवी मी कॉक केली होती."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "वहीत सही आहे तुमची."

सहावा आणि सातवा

हवा बिघडली. जहाज स्वतःला जागेवर धरून ठेवतं खरं, उपग्रहावरून ठिकाण बघत आडवे पंखे फिरवून. पण चार मीटरच्या लाटेत डेकवर माणूस पाठवायला कोणी तयार नसतं. दोन दिवस आम्ही गप्पा मारल्या.

बोसनने जुन्या नॅन्सन बाटल्या हाताळल्या होत्या. केबलवर ठरावीक अंतराने एकेक बाटली चिमट्याने लावायची; मग वरून केबलवर एक पितळी वजन सोडायचं, त्याला 'मेसेंजर' म्हणत. ते सरसरत जाऊन पहिल्या बाटलीवर आदळलं की ती उलटी होऊन बंद व्हायची आणि स्वतःखालचं वजन पुढच्या बाटलीसाठी सोडायची. सोबतच्या तापमापकातला पारा उलटं होताना तुटायचा, म्हणून वर येईपर्यंत त्या खोलीचं तापमान शाबूत. आणि बंद झाली की नाही हे कसं कळायचं? "केबलला हात लावून," बोसन म्हणाला. "वजन आदळलं की बोटाला टक लागायचं. नाही लागलं तर वर काढायचं, परत टाकायचं." १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने महासागर पालथे घातले ते तर हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या तंतूंच्या, दोरावर. दोर वाफेच्या इंजिनाने ओढायचे, पण खाली वजन टेकलं का, हे दोर सुटण्याचा वेग मंदावला की ओळखायचं.

दिवस आठवा

वर्षभरापूर्वी सोडलेली उपकरणांची माळ परत काढायची होती. तळाशी नांगर म्हणून रेल्वेची जुनी चाकं, त्यावर ध्वनीने उघडणारा हुक, मग हजारो मीटर दोर आणि त्यावर प्रवाहमापक, गाळ गोळा करणारी नरसाळी, पिवळ्या टोप्यांत बसवलेले काचेचे पोकळ गोळे. वरून संकेत पाठवायचा. हुक उघडतो, चाकं तिथेच राहतात, बाकी सगळं तरंगत वर येतं. येतं, म्हणजे यायला हवं.

पहिला संकेत: उत्तर नाही. इंजिनं मंद केली. दुसरा: नाही. पाण्यात सोडलेला ध्वनिग्राहक आणखी खाली घेतला. तिसऱ्याला खालून उत्तर आलं, अंतर २,९४० मीटर. उघडण्याचा संकेत. परत अंतर: २,९४०. कोणी बोलेना. मिनिटभराने २,८७०. त्या खोलीत मी आजवर ऐकलेल्या सगळ्यांत मोठ्या आरोळ्या ऐकल्या, त्याही एका आकड्याने ७० कमी दाखवले म्हणून.

अर्ध्या तासाने पिवळे गोळे दिसले. वरच्या भागावर शंख-शिंपल्यांचं जंगल, खालचा भाग नव्यासारखा कोरा. नरसाळ्याखाली फिरत्या चकतीवर २१ कुप्या, एकेक ठरावीक काळाने तोंडाखाली आलेली. ओळीने लावल्या तर प्रत्येकीत वेगळ्या उंचीचा फिक्या तपकिरी रंगाचा भुगा: वरच्या पाण्यातून वर्षभर झिरपत आलेला 'सागरी बर्फ', म्हणजे मेलेल्या जीवांचे आणि विष्ठेचे कण. तिसरी, चौथी, पाचवी जाड. मग सात कुप्या जवळजवळ रिकाम्या. मग एकदम दोन बोटं.

दिवस नववा

गाळ. सकाळी चौकोनी पेटीने तळाचा वरचा पापुद्रा उचलला, दुपारी टनभर वजनाची नळी थेट तळात घुसवली. आत प्लॅस्टिकचा पाइप आणि टोकाशी फक्त आतल्या बाजूला मिटणाऱ्या पत्र्याच्या पाकळ्या, म्हणजे गाळ परत पडत नाही. पाच मीटर लांबीचा गाभा आला. मीटरमीटरचे तुकडे कापले, प्रत्येकावर 'वर' असा बाण काढला. तो विसरलात तर काळ उलटा फिरतो. मोकळ्या समुद्रात असा चुनखडी गाळ हजार वर्षांत काही सेंटिमीटर साचतो. मी चिखलाचे हात धुतले तेव्हा नेमकी किती शतकं मोरीतून गेली याचा हिशेब करत बसलो, आणि मागून कोणीतरी ओरडलं, लवकर आवरा.

दिवस दहावा

शेवटचं स्टेशन. याआधीच्या सगळ्या दिवसांत मी सातवी ते बारावीच कॉक करत आलो, आता दिव्याच्या बाजूने. दोरी हुकात बसली की तिच्यावरून बोट फिरवायचं, वरपासून खालपर्यंत: कुठे कशाच्या मागून तर गेली नाही ना. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या पट्ट्याच्या बोल्टमागून गेली होती. बोल्टवर अजून नायलॉनचा पांढरा धागा होता.

रात्री मॅडमनी पहिल्या स्टेशनची फाइल माझ्यापुढे सरकवली. "फ्लॅग तुम्हीच भरा, रोजचंच काम आहे तुमचं." २, २, २, २, २, २. सातव्या ओळीवर थांबलो. ४. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'दोरी बोल्टला अडकली. पाणी २,००० मी.चं नाही, तापमान व क्षारतेवरून सुमारे १५० मी.'

"शेरा सहसा कोणी वाचत नाही," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये तो रकाना उघडतच नाही," मी म्हटलं.

दिवस अकरावा

बंदर. चौकट गोड्या पाण्याने धुतली, रबरं सैल केली. गोठवलेले नमुने आधी उतरले, मग गाळाचे पाइप, मग माणसं. मी प्रयोगशाळेत पेटीची गाठ सोडत बसलो होतो. अकरा दिवसांत ती इतकी घट्ट बसली होती की शेवटी बोसनला हाक मारावी लागली. त्याने गाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "कोणी बांधली ही? बरी बांधलीये," म्हणाला, आणि खिशातून चाकू काढला.